झाडावरची लाल फुली वाचायची कशी? मॅनेजमेंट स्टुडिओच्या ऑब्जेक्ट एक्सप्लोररमधले आयकॉन

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. लोअर परळच्या ऑफिसात तुम्ही नुकतेच रुजू झालात, आधीचे डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) सोडून गेलेत. एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये आहे आणि तुम्ही लॅपटॉपवरच्या मॅनेजमेंट स्टुडिओ या त्याच्याच टूलमधून त्याला जोडले जाता. डावीकडच्या झाडात, म्हणजे ऑब्जेक्ट एक्सप्लोररमध्ये, तुम्हाला पाच गोष्टी खटकल्यात. सर्व्हरच्या नावाशेजारी हिरव्या बाणाऐवजी नुसतं पांढरं वर्तुळ आहे. एका डेटाबेसपुढे तीन दिवस ‘रिस्टोरिंग’ लिहिलेलं आहे. लॉगिन आणि यूजर या दोन्ही याद्यांत काहींवर लाल फुल्या आहेत, आणि सर्व्हर बदलल्यापासून एका यूजरचं अॅप्लिकेशन उघडत नाही. कॉलमांपुढे काही किल्ल्या सोनेरी तर काही करड्या आहेत. आणि सहकाऱ्यानं सकाळी तयार केलेलं टेबल तुम्हाला दिसतच नाही. तुम्ही मागितलाय सगळ्या आयकॉनचा अर्थ देणारा तक्ता.

तक्ता मी देत नाही. हातचं राखतोय असं नाही, पण तक्ता तुम्हाला फसवेल. २०१६ मध्ये मॅनेजमेंट स्टुडिओ सर्व्हरच्या इन्स्टॉलेशनपासून वेगळा झाला आणि तेव्हापासून त्याच्या आवृत्त्या स्वतंत्रपणे येतात. या प्रवासात चित्रं बदलली. जुन्या आवृत्तीत बंद केलेल्या लॉगिनवर खाली तोंड केलेला लाल बाण असायचा, नव्या आवृत्त्यांत तिथे लाल फुली येते. सर्व्हर तोच, लॉगिन तेच, चित्र वेगळं. शिवाय काय दिसेल हे तुमच्या परवानग्यांवर, सर्व्हरच्या आवृत्तीवर, तो विंडोजवर आहे की लिनक्सवर यावरही ठरतं. म्हणून चित्रं पाठ करण्यापेक्षा ती वाचायची पद्धत हाताशी असलेली बरी.

दादरच्या फलाटावर आपण इंडिकेटर कसा वाचतो? गाडी कुठली, जलद की धीमी, डबे किती, किती मिनिटांत. एकाच पाटीवर चार वेगळ्या गोष्टी असतात आणि डोळा त्या आपोआप वेगळ्या करतो. झाडातल्या प्रत्येक ओळीचंही तसंच आहे. मूळ चित्र सांगतं की वस्तू कोणत्या जातीची आहे: पिवळा दंडगोल म्हणजे डेटाबेस, जाळीचा चौकोन म्हणजे टेबल, माणसाचं डोकं म्हणजे लॉगिन किंवा यूजर. त्या चित्राच्या कोपऱ्यात चिकटलेली बारीक खूण सांगते की ती वस्तू आत्ता कोणत्या स्थितीत आहे. आणि नावापुढे कंसात आलेला मजकूर खरी माहिती देतो. वाचायचं मात्र उलट्या क्रमानं: आधी कंस, मग कोपऱ्यातली खूण, शेवटी मूळ चित्र. कंसातले शब्द आवृत्तीगणिक फारसे बदलत नाहीत, रंग आणि आकार बदलतात.

आणखी एक गोष्ट, आणि बहुतेक गोंधळ हिच्यामुळेच होतात. तुम्ही फोल्डर उघडता त्या क्षणी सर्व्हरकडून यादी येते आणि मग ती तशीच पडून राहते. नंतर सर्व्हरवर काहीही बदललं तरी झाड स्वतःहून ताजं होत नाही. म्हणून कोणतीही खूण गंभीरपणे घेण्याआधी त्या फोल्डरवर राइट-क्लिक करून रिफ्रेश करायचं. डेटाबेसेसच्या फोल्डरवर रिफ्रेश केल्याशिवाय ‘रिस्टोरिंग’ या शब्दावरही विश्वास ठेवू नका. रिस्टोर कधीच संपलेलं असतं आणि झाड सकाळचीच गोष्ट सांगत बसलेलं असतं.

खाली जिथे आज्ञा आणि कॉलमांची नावं आहेत ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन.

आता सर्व्हरपुढच्या पांढऱ्या वर्तुळाकडे येऊ. तुमची क्वेरी डेटाबेस इंजिनकडे जाते ती एका रस्त्यानं, डिफॉल्ट इन्स्टन्स (मशीनवरची वेगळं नाव न दिलेली मुख्य प्रत) असेल तर सहसा टीसीपी पोर्ट १४३३ वरून. हिरवा बाण काढण्यासाठी मात्र मॅनेजमेंट स्टुडिओ डेटाबेस इंजिनला विचारतच नाही. तो त्या मशीनच्या विंडोजला डब्ल्यूएमआयमार्फत (विंडोजला दुरून माहिती विचारायची सोय) विचारतो की ही सर्व्हिस चालू आहे का. हा दुसरा रस्ता पोर्ट १३५ वरून सुरू होतो आणि पुढे बदलत्या पोर्टांवर जातो. परळ ते महापे यांच्यामधल्या फायरवॉलनं १४३३ सोडलं असेल आणि १३५ अडवलं असेल, किंवा तुमच्या विंडोज खात्याला त्या मशीनवर डब्ल्यूएमआयचे अधिकार नसतील, तर उत्तर येत नाही आणि वर्तुळ कोरं राहतं. म्हणजे कोऱ्या वर्तुळाचा अर्थ ‘बंद’ नाही, ‘सर्व्हिसची स्थिती कळली नाही’ एवढाच. लाल चौकोन दिसला तरच सर्व्हिस थांबलेली. सर्व्हर लिनक्सवर असेल किंवा क्लाउडमधली तयार डेटाबेस-सेवा असेल तर विचारायला विंडोजची सर्व्हिसच नसते.

याचा दृश्य परिणाम एकच: त्या नोडवर (झाडातल्या त्या ओळीवर) राइट-क्लिक केल्यावर स्टार्ट, स्टॉप, रिस्टार्ट फिकट दिसतील. माझ्या मते नव्या माणसाच्या लॅपटॉपवर ते फिकट असलेलेच चांगले. केवळ हिरव्या बाणासाठी नेटवर्कवाल्यांकडून १३५ आणि त्यामागची पोर्टांची रांग उघडून घेऊ नका. सर्व्हिस कधी सुरू झाली हे हवंच असेल तर सिस.डीएम_सर्व्हर_सर्व्हिसेस या व्ह्यूमधले (टेबलासारखी वाचता येणारी तयार यादी) स्टेटस_डेस्क आणि लास्ट_स्टार्टअप_टाइम हे कॉलम बघा. त्याच व्ह्यूमध्ये एजंटची, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या सर्व्हिसची, ओळही सापडेल.

एजंटचा नोड झाडात खाली असतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. त्याच्यापुढे कंसात ‘एजंट एक्सपीज डिसेबल्ड’ लिहिलेलं असेल तर बहुधा एजंटची सर्व्हिस थांबलेली आहे, आणि रात्रीचे बॅकअप एजंटच्या जॉबवर अवलंबून असतील तर तेही थांबलेत. इंजिन हिरवं, एजंट बंद, अशा अवस्थेत सगळी अॅप्लिकेशन्स सुरळीत चालतात आणि बॅकअप नाही हे कुणाला कळत नाही. एक्स्प्रेस आवृत्तीत एजंट वापरताच येत नाही, तिथे बॅकअपसाठी विंडोजचा टास्क शेड्युलर किंवा असंच काही लावलेलं असायला हवं, ते शोधा. पांढऱ्या वर्तुळापेक्षा मला ही ओळ जास्त महत्त्वाची वाटते.

‘रिस्टोरिंग’बद्दल जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण इथे एक चुकीची आज्ञा महागात पडते. इंटरनेटवर शोधलंत तर पहिलं उत्तर मिळेल: रिस्टोर डेटाबेस, पुढे नाव, पुढे विथ रिकव्हरी, चालवा आणि डेटाबेस उघडेल. उघडेल हे खरं. पण आधी हा डेटाबेस मुद्दाम या स्थितीत ठेवलाय का, हे बघायला हवं. ‘रिस्टोरिंग’ हा बिघाड नाही. बॅकअपमधून डेटा आणलाय, पुढचा लॉग (बदलांची नोंदवही) यायचा आहे, तोवर दार बंद, असा त्याचा अर्थ. लॉग शिपिंगमधली (लॉगचे बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर लावत राहण्याची पद्धत) दुय्यम प्रत वर्षानुवर्षं याच स्थितीत राहते. मिररिंगमधली (बदल लगोलग दुसऱ्या सर्व्हरवर पोचवण्याची पद्धत) मिरर प्रतसुद्धा, फक्त तिच्या कंसात ‘मिरर’ हा शब्दही असतो. अशा प्रतीवर विथ रिकव्हरी चालवलंत तर तिला पुढचे लॉग लावता येत नाहीत, साखळी तुटते, आणि पूर्ण बॅकअप परळहून महाप्याला किंवा उलट पुन्हा पाठवून सुरुवातीपासून उभं करावं लागतं. काही शे जीबींचा डेटाबेस असेल तर तुमचा शनिवार-रविवार गेला.

म्हणून तपासायचा क्रम असा. पहिलं, रिस्टोर अजून चालूच आहे का? सिस.डीएम_एक्झेक_रिक्वेस्ट्समध्ये कमांड या कॉलमात ‘रिस्टोर’ने सुरू होणारी ओळ शोधा, असेल तर पर्सेंट_कंप्लीट किती टक्के झालं ते सांगेल. दुसरं, एमएसडीबी या सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदींच्या डेटाबेसमधल्या रिस्टोरहिस्टरी टेबलात त्या डेटाबेसच्या नावाच्या ओळी तारखेच्या उलट क्रमानं काढा. रिस्टोर_टाइप ‘डी’ म्हणजे पूर्ण डेटाबेस, ‘एल’ म्हणजे लॉग. ‘एल’च्या ओळी ठरावीक अंतरानं येत असतील तर ते लॉग शिपिंग आहे असं समजा, त्याची मूळ वेळ १५ मिनिटांची असते, बरेच जण ती बदलत नाहीत. खात्री करायची तर एमएसडीबीतच लॉग_शिपिंग_सेकंडरी_डेटाबेसेस हे टेबल आहे. मिररिंगसाठी सिस.डेटाबेस_मिररिंग बघा.

या सगळ्यात काहीच सापडलं नाही आणि शेवटची नोंद बरोबर तीन दिवसांपूर्वीची एकच ‘डी’ असेल, तर कुणीतरी नो-रिकव्हरीनं रिस्टोर केलं आणि शेवटचं पाऊल टाकायचं राहिलं. मग विथ रिकव्हरी चालवायला हरकत नाही.

नोंदच नसेल, म्हणजे या डेटाबेसवर कधी रिस्टोर झालेलंच नाही आणि तरी तो ‘रिस्टोरिंग’ आहे, तर एक जुना सापळा आठवा. मॅनेजमेंट स्टुडिओच्या रिस्टोरच्या खिडकीत ऑप्शन्सच्या पानावर टेल-लॉग (लॉगचा अजून बॅकअप न झालेला शेवटचा भाग) बॅकअप घेण्याचा पर्याय असतो आणि त्याच्याखाली मूळ डेटाबेस रिस्टोरिंग स्थितीत ठेवण्याचा. चालू डेटाबेसची चाचणीसाठी दुसऱ्या नावानं प्रत काढताना हे दोन्ही पर्याय कित्येकदा आपोआप टिक झालेले असतात. माणूस ओके दाबतो, प्रत छान तयार होते, आणि मूळ डेटाबेस दार लावून बसतो. इथेही उपाय विथ रिकव्हरीच. एमएसडीबीतल्या बॅकअपसेट टेबलात त्याच वेळेची लॉग बॅकअपची नोंद सापडली तर निदान पक्कं. प्रत काढताना पुढच्या वेळी ऑप्शन्सचं पान उघडून ते दोन टिक काढायचे, एवढंच.

डेटाबेसपुढे येणारे बाकीचे शब्दही इथेच बघून घेऊ, कारण ते एकसारखे भीतिदायक दिसतात पण त्यांचे उपाय वेगळे आहेत. ‘इन रिकव्हरी’ म्हणजे सर्व्हर सुरू झाल्यावर लॉग वाचून हिशेब जुळवणं चालू आहे. थांबा. एरर लॉगमध्ये किती टक्के झालं हे येत राहतं. कंटाळून सर्व्हिस रिस्टार्ट केलीत तर काम पुन्हा पहिल्यापासून. ‘रिकव्हरी पेंडिंग’ म्हणजे हिशेब जुळवायचा आहे पण सुरुवातच करता येत नाही: फाइल जागेवर नाही, डिस्क जोडलेली नाही, सर्व्हिसच्या खात्याला फोल्डरवर अधिकार नाही, अशा कारणांनी. इथे डेटा बहुधा शाबूत असतो. सिस.मास्टर_फाइल्समधून फाइलींचे रस्ते काढा, ते प्रत्यक्ष डिस्कवर आहेत का बघा, अडचण दूर करा आणि ऑल्टर डेटाबेस, सेट ऑनलाइन. ‘सस्पेक्ट’ म्हणजे हिशेब सुरू केला आणि मध्येच फसला, म्हणजे नुकसानीची शक्यता खरी आहे. तिथे पहिलं काम एरर लॉग वाचणं आणि दुसरं काम शेवटचा चांगला बॅकअप कुठे आहे हे शोधणं. सस्पेक्ट डेटाबेस डिटॅच करून पुन्हा अटॅच करायचा मोह फार होतो. करू नका, कसाबसा डिटॅच झाला तरी पुन्हा अटॅच होईलच असं नाही. आणि दुरुस्तीच्या ज्या आज्ञेच्या नावातच ‘अलाउ डेटा लॉस’ आहे ती बॅकअप नसेल तेव्हाचीच.

‘सिंगल यूजर’ दिसलं तर त्या डेटाबेसला एकच खुर्ची आहे. गंमत अशी की ऑब्जेक्ट एक्सप्लोरर स्वतःचं वेगळं कनेक्शन उघडतो आणि प्रत्येक क्वेरी विंडो आणखी एक. त्यामुळे झाडात तो डेटाबेस उघडायला गेलात तर खुर्ची झाडच अडवून बसतं आणि तुमची क्वेरी बाहेर उभी. अशा वेळी झाडाला हात न लावता फक्त क्वेरी विंडोतून काम करायचं. खुर्चीवर कोण आहे हे सिस.डीएम_एक्झेक_सेशन्समधल्या डेटाबेस_आयडीवरून कळतं.

आता लाल फुल्या. इथे दोन याद्या आहेत आणि त्यांतल्या फुल्यांचा अर्थ एक नाही. हाउसिंग सोसायटीचं उदाहरण घ्या: लॉगिन म्हणजे गेटवरच्या वॉचमनकडची नोंद, यूजर म्हणजे एखाद्या फ्लॅटची किल्ली. गेटमधून आत आलात म्हणून फ्लॅट उघडत नाही, आणि किल्ली असली तरी वॉचमन सोडत नसेल तर उपयोग नाही. वरच्या सिक्युरिटी फोल्डरमधल्या लॉगिनवरची फुली म्हणजे ते लॉगिन बंद केलंय, सिस.सर्व्हर_प्रिन्सिपल्समध्ये इज_डिसेबल्ड १ दिसेल. एसए या सर्वाधिकारी लॉगिनवर फुली असेल तर ती चांगली खूण आहे, तशीच राहू द्या. इन्स्टॉल करताना फक्त विंडोज ऑथेंटिकेशन निवडलं असेल तर एसए मुळातच बंद असतो. दोन हॅशनी सुरू होणारी एमएस पॉलिसीची दोन लॉगिनं दिसतील, त्यांच्यावरही फुली असते. ती सर्व्हरची स्वतःची आहेत, त्यांना हात लावायचं काम नाही.

डेटाबेसच्या आतल्या यूजरवरची फुली वेगळी. यूजर ‘बंद’ करणं असा प्रकारच नाही. फुलीचा अर्थ एवढाच की या यूजरकडे या डेटाबेसमध्ये शिरण्याची कनेक्ट ही परवानगी नाही. तुमच्या कामाच्या डेटाबेसमध्ये गेस्ट, सिस आणि इन्फॉर्मेशन_स्कीमा या तिघांवर ती दिसेल, आणि दिसायलाच हवी (मास्टर, टेम्पडीबी, एमएसडीबी या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये मात्र गेस्ट चालूच असतो). गेस्टची फुली काढणं म्हणजे गेटमधून आत आलेल्या प्रत्येकाला त्या फ्लॅटचं दार उघडं करणं. तुमच्या अॅप्लिकेशनच्या यूजरवर फुली असेल तर त्या डेटाबेसमध्ये जाऊन ग्रँट कनेक्ट टू आणि यूजरचं नाव, मग रिफ्रेश.

पण तुम्ही लिहिलंय की त्रास सर्व्हर बदलल्यापासून आहे. म्हणून माझा संशय फुलीवर नाही. डेटाबेस नव्या सर्व्हरवर रिस्टोर केला की यूजर आतमध्ये सोबत येतो, लॉगिन मात्र जुन्या सर्व्हरच्या मास्टरमध्येच राहतं. मग कुणीतरी नव्या सर्व्हरवर त्याच नावाचं लॉगिन नव्यानं बनवतं. नाव तेच, पण आतला एसआयडी (ओळख क्रमांक) वेगळा, आणि एसक्यूएल सर्व्हर नावावर नाही, एसआयडीवर जोडी जुळवतो. वॉचमनच्या वहीत नाव बरोबर आहे, किल्ली दुसऱ्याच कुलपाची. अशा अनाथ यूजरला कनेक्ट परवानगी असतेच, म्हणून त्याच्यावर फुली येत नाही. झाडात सगळं ठीक दिसतं आणि अॅप्लिकेशनला ‘कॅनॉट ओपन डेटाबेस’ म्हणणारी चूक ४०६० मिळते. लॉगिन बंद असतं तर १८४७० मिळाली असती. फुली शोधत बसण्यापेक्षा एररचा क्रमांक विचारून घ्या, काम अर्ध्यावर येतं.

तपासणी सोपी आहे: सिस.डेटाबेस_प्रिन्सिपल्स आणि सिस.सर्व्हर_प्रिन्सिपल्स ही दोन एसआयडीवर लेफ्ट जॉइन करा आणि टाइप ‘एस’ असलेल्या ज्या यूजरना उजवीकडे काहीच मिळत नाही ते बघा. त्यात गेस्ट, सिस वगैरे येतील, ते सोडून द्या. विदाउट लॉगिन म्हणून मुद्दाम बनवलेले यूजरही येतील, त्यांनाही तसेच ठेवा. तुमच्या अॅप्लिकेशनचा यूजर त्यात असेल तर ऑल्टर यूजर, यूजरचं नाव, विथ लॉगिन = लॉगिनचं नाव. परवानग्या जशाच्या तशा राहतात. यूजर डिलीट करून नवा बनवायचा शॉर्टकट घेऊ नका, त्यात त्याला दिलेल्या सगळ्या ग्रँट जातात आणि त्यांची यादी कुणाकडे नसते.

इथवर आलोय तर एक उजळणी. पांढरं वर्तुळ: दुर्लक्ष करा, पण एजंट बघा. ‘रिस्टोरिंग’: आधी इतिहास, मग आज्ञा. लॉगिनवर फुली म्हणजे बंद, यूजरवर फुली म्हणजे कनेक्ट नाही, आणि अनाथ यूजरवर फुली नसतेच.

किल्ल्यांचं प्रकरण हलकं आहे. कॉलमांच्या यादीत सोनेरी किल्ली म्हणजे प्रायमरी की (ओळीची स्वतःची ओळख), करडी म्हणजे फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या मूळ ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम). एकच कॉलम दोन्ही असेल तर चित्र सोनेरीच राहतं आणि कंसात ‘पीके, एफके’ असं दोन्ही येतं. कंस आधी वाचा म्हणतो तो यासाठी. युनिक कॉन्स्ट्रेंटची (तीच किंमत पुन्हा येऊ नये या नियमाची) खूण कॉलमावर येत नाही, त्यासाठी कीज हे फोल्डर उघडावं लागतं. किल्ली दिसली म्हणजे इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) आहे असंही समजू नका. प्रायमरी कीमागे इंडेक्स असतोच, तो क्लस्टर्ड आहे की नाही हे इंडेक्सेस फोल्डरमध्ये कंसात लिहिलेलं असतं. फॉरेन कीवर मात्र एसक्यूएल सर्व्हर स्वतःहून इंडेक्स बनवत नाही. मोठ्या टेबलांच्या जॉइनमध्ये, किंवा मूळ टेबलातली ओळ डिलीट करताना, वेळ का लागतोय हे शोधताना करड्या किल्लीचे कॉलम आधी बघा.

आणि करडी किल्ली म्हणजे सगळा डेटा तपासलेला आहे, असंही नाही. डेटा भरताना वेग यावा म्हणून कुणी नोचेकनं कॉन्स्ट्रेंट बंद करतं, नंतर चालू करताना जुन्या ओळी तपासत नाही. मग किल्ली झाडात आहे तशी दिसते, पण तिच्याखाली मालक नसलेल्या ओळी असू शकतात, आणि क्वेरीचा प्लॅन बनवतानाही सर्व्हर तिच्यावर विसंबत नाही. सिस.फॉरेन_कीजमध्ये इज_डिसेबल्ड आणि इज_नॉट_ट्रस्टेड हे दोन कॉलम बघा. नॉट ट्रस्टेड १ असेल तर ऑल्टर टेबल, विथ चेक चेक कॉन्स्ट्रेंट, पुढे कीचं नाव. ‘चेक’ दोनदा येतं, ती छपाईची चूक नाही: पहिला जुना डेटा तपासा म्हणतो, दुसरा की चालू करा म्हणतो. चुकीच्या ओळी असतील तर आज्ञा फसेल, त्या आधी साफ कराव्या लागतील. मोठ्या टेबलावर हे कामाच्या वेळात करू नका, पूर्ण टेबल वाचलं जातं.

सकाळी बनवलेलं टेबल दिसत नाही, याचं पहिलं कारण रिफ्रेश, ते वर झालं. रिफ्रेश करूनही नसेल तर सहकाऱ्याला विचारा की क्वेरी विंडोच्या वरच्या डबीत तेव्हा कोणता डेटाबेस निवडलेला होता. नवं कनेक्शन उघडलं की लॉगिनचा डिफॉल्ट डेटाबेस येतो, तो बहुतेकांचा मास्टर असतो, आणि टेबल तिथे जाऊन बसतं. मास्टरच्या टेबल्स फोल्डरमध्ये तुमच्याच कंपनीची दोन-चार टेबलं सापडली तर नवल वाटून घेऊ नका. तिथेही नसेल तर टेबल्स या शब्दापुढे ‘फिल्टर्ड’ लिहिलंय का बघा. कुणीतरी लावलेला फिल्टर काढायला विसरतं. मग स्कीमा (डेटाबेसमधला टेबलांचा गट): यादी स्कीमाच्या नावानं आधी लागते, त्यामुळे डीबीओ हा नेहमीचा स्कीमा सोडून दुसऱ्या स्कीमात बनवलेलं टेबल यादीत भलत्याच जागी जातं. आणि शेवटचं कारण परवानगी. ज्या वस्तूवर तुम्हाला कसलाच अधिकार नाही ती एसक्यूएल सर्व्हर २००५ पासून यादीतच दाखवत नाही. चूक येत नाही, कुलपाचं चित्र येत नाही, ओळच गायब. व्ह्यू डेफिनिशन ही परवानगी मागा. तेवढ्यानं रचना दिसते, डेटा वाचता येत नाही, त्यामुळे ती द्यायला कुणी फार खळखळ करत नाही. टेबल सापडल्यावरही क्वेरीत त्याच्या नावाखाली लाल नागमोडी रेघ राहिली तर ती इंटेलिसेन्सची (टाइप करताना नावं सुचवणाऱ्या सोयीची) जुनी यादी आहे, कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा.

उरलेल्या खुणा भरभर सांगतो. स्टोअर्ड प्रोसीजरवर (सर्व्हरवर साठवलेल्या कोडवर) छोटं कुलूप म्हणजे ती विथ एन्क्रिप्शन बनवली आहे, मॉडिफाय फिकट असेल, मूळ मजकूर व्हेंडरकडे मागा. टेबलापुढे ‘सिस्टम-व्हर्जन्ड’ असेल तर त्याचं इतिहास टेबल त्याच्याच पोटात मिळेल, ते वेगळं डिलीट करायला जाऊ नका. ट्रिगरवर किंवा जॉबवर लाल खूण म्हणजे बंद. जॉबच्या बाबतीत मात्र एक फट आहे: जॉब चालू पण त्याचं शेड्यूल बंद असेल तर जॉबवर खूण दिसत नाही. जॉब अॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये पुढची ठरलेली वेळच दिसली नाही की समजायचं.

तुम्ही शेवटी विचारलंय की हीच समज दुसऱ्या टूलमध्ये चालेल का. वाचायची पद्धत चालेल, खुणा नाही. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या पीजीअॅडमिन टूलमध्ये डेटाबेसवर लाल फुली म्हणजे त्या डेटाबेसला तुम्ही अजून जोडलेले नाही, बाकी काही नाही. पोस्टग्रेसमध्ये एक कनेक्शन एकाच डेटाबेसचं असतं, म्हणून झाड प्रत्येकासाठी वेगळं कनेक्शन उघडतं आणि न उघडलेल्यांवर फुली ठेवतं. क्लिक केलं की जाते. तीच फुली ओरॅकलच्या एसक्यूएल डेव्हलपरमध्ये पॅकेजवर (साठवलेल्या कोडच्या गठ्ठ्यावर) दिसली तर ते इनव्हॅलिड झालंय, म्हणजे ज्या टेबलावर ते अवलंबून आहे त्यात कुणी बदल केलाय किंवा त्याच्याच कोडमध्ये चूक आहे. पुष्कळदा पुढच्या वापरात ते आपोआप कंपाइल होतं आणि मग रिफ्रेश केल्यावर फुली दिसत नाही. मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये तर जाड अक्षरातला स्कीमा म्हणजे सध्या निवडलेला, आणि तिथल्या आकृतीत निळा भरीव हिऱ्याचा आकार म्हणजे नॉट नल कॉलम, पोकळ म्हणजे नल चालणारा. तीन टूल, तीन अर्थ.

तुमच्या पाच गोष्टींचा क्रम मी असा लावेन. आज आधी एजंट आणि शेवटच्या बॅकअपची तारीख. मग अॅप्लिकेशनच्या यूजरची एसआयडी तपासणी, कारण तिथे लोक अडकून बसलेत. दुरुस्ती एका ओळीची आहे. ‘रिस्टोरिंग’चा इतिहास आज काढा, पण विथ रिकव्हरी चालवण्याआधी सोडून गेलेल्या डीबीएंना एक फोन करा आणि विचारा की ही प्रत कशासाठी होती. पांढरं वर्तुळ आणि किल्ल्या पुढच्या आठवड्यात बघितल्या तरी चालेल. रिस्टोरहिस्टरीत काय निघालं ते इथे लिहा, तारखा आणि रिस्टोर_टाइपसकट, आणि मॅनेजमेंट स्टुडिओची आवृत्ती हेल्पच्या मेनूत अबाउटमध्ये असते, तीही.